अनुक्रमणिका, हातानं

मल्लेशम बोद्धूल, वय एकोणऐंशी,
साखर पेठेतल्या माझ्या दुकानात येऊन म्हणाले,
"पुस्तक चांगलं केलंस पोरी.
पण दारं नाहीत गं त्याला."

खरं होतं.
अनुक्रमणिका होती, सदतीस प्रकरणांची,
ठिपक्यांच्या रांगा, रांगेच्या टोकाला पानांचे आकडे,
छापील पुस्तकातून उचलून आणल्यासारखी.
पडद्यावर ते आकडे कुणाला ओळखत नव्हते.
अक्षर मोठं केलं की बारावं पान विसावं व्हायचं,
आणि हे तर अक्षर एवढं मोठं करतात
की ओळीत तीनच शब्द मावतात. मोतीबिंदू.
मग स्वतःच्याच पुस्तकात हरवतात,
बोटानं ओढत राहतात पान, पान, पान.

सॉफ्टवेअरला सांगून पाहिलं.
त्यानं ठळक दिसेल ते सगळं शीर्षक मानलं:
'बोनस नाही', 'हुश्श',
एका जागी चहाची उधारी.
मग हातानंच.

फाइलचं आडनाव बदललं, ईपबचं झिप केलं,
गाठोडं सोडलं.
एप्रिल. कूलर नुसता दमट श्वास सोडतोय.
एकेका मथळ्याला एक आयडी द्यायचा,
तोच आयडी पुन्हा अनुक्रमणिकेत, जसाच्या तसा.
एक खूण हलली की लिंक मेली.
ती रागावत नाही, काही बोलत नाही,
आपण दाबतो आणि ती दाबून घेते.

म्हातारा स्टुलावर. घरी जा म्हटलं तर जाईना.
चाळीस वर्षं जकार्डचे पत्ते पाडले त्यानं,
पुठ्ठ्याला भोक, भोकात सुई, सुईमागं धागा.
"एक भोक चुकलं," म्हणाला, "की मोराला तीन पाय.
कळायचं कधी, तर चादर सोलापूर सोडून गेल्यावर."

नववं प्रकरण उघडेना.
अर्धा तास मी डोळे फोडले.
पी, आर, शून्य, नऊ. इथंही तेच, तिथंही तेच.
"तू पाच वेळा दाबलंस," तो म्हणाला,
"अक्षरं चारच वाचतेस."
खरंच. शेपटाला एक मोकळी जागा,
मला न दिसलेली, त्याला ऐकू आलेली.

मग बाविसावं. त्याला मथळाच नाही.
अकरा ओळी फक्त.
'नरसव्वा रोज हजार विड्या वळायची,' इथून सुरू.
"याचं नाव काय, काका?"
"नाही ठेवलं."
"अनुक्रमणिकेत काय लिहू?"
"मोकळं सोड."
"मोकळ्यावर बोट कुठं ठेवणार तुम्ही?
दिसायला काहीतरी लागतं."

तेवढ्यात लाइट गेली.
शेजारचे माग एकदम गप्प,
कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं.
लॅपटॉपच्या उजेडात त्याचा गुडघा तेवढा दिसत होता,
आणि गुडघ्यावर उताणा ठेवलेला हात.

"सूप," तो म्हणाला. "सूप लिही."

लिहिलं. विचारलं नाही.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानं, दोऱ्याचं रीळ;
माझ्या आईची मांडीही मला आठवते
ती सुपाखाली झाकलेलीच.

सदतीस झाली. गाठोडं बांधलं,
आधी ती एक इवलीशी फाइल, न दाबता,
मग बाकीच्या.
त्याच्या फोनवर चढवलं.
त्यानं पहिलं प्रकरण दाबलं नाही,
मोराचं नाही, संपाचं नाही.
सुपावर बोट ठेवलं आणि पान उघडलं.

अकरा ओळी. बराच वेळ लागला त्याला.
मग पडद्याच्या कडेकडेनं बोट फिरवत
काहीतरी शोधायला लागला.
"इथून परत कसं यायचं?"

ते मी केलंच नव्हतं.
प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी
अनुक्रमणिकेकडं नेणारी एक ओळ, आणखी सदतीस.
"उद्या या," म्हटलं. "बॅटरी वीस टक्के आहे."

"कर तू," तो म्हणाला, "मी बसतो."
आणि पुन्हा सूप उघडून वाचत बसला.